यंत्राची ओळख आणि कृतनाश

राजगडाच्या चोरदरवाजाकडे चढणारी वाट ज्या गावातून सुटते, त्या गुंजवण्यातल्या घरांवर आज डिशच्या छत्र्या दिसतात. आणि भोर-वेल्ह्याच्या या डोंगरी मुलखात, जिथे पावसाळ्यात पलीकडच्या खोऱ्याची वार्ताही उशिराने पोचत असे, तिथे आता दूरदेशीचे कीर्तन आणि प्रवचन माजघरात येऊन ऐकू येते. समजा, अशा एका घरातील वृद्ध गृहस्थांनी संगणकाला टीव्हीचे कार्ड जोडून आपल्या आवडत्या एका कीर्तनकारांची निरूपणे रोज पहाटे उठून मुद्रित करून ठेवली. कीर्तनकार पुढे निवर्तले. आणि काही काळाने संगणक मंदावला म्हणून नसरापूरच्या बाजारातून आणलेल्या जाणकाराने त्याची ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्याने बसविली, मात्र मुद्रणे ज्या भागात साठविलेली होती त्याला हातही लावला नाही. फायली जागच्या जागी आहेत, नावे तीच आहेत, तारखा त्याच आहेत, एकीचाही आकार रतिभर घटलेला नाही. आणि तरीही त्यांतली कोणतीही उघडू जाता यंत्र असा निर्वाळा देते, की हे मुद्रण पाहण्याचा अधिकार या संगणकाला नाही. घर कल्पित आहे, प्रसंग मात्र कल्पित नाही. मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये आणलेल्या आणि 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर बंद केलेल्या मीडिया सेंटर या व्यवस्थेत, जिथे जिथे प्रक्षेपणावर नक्कल-निर्बंधाची खूण होती तिथे तिथे, अनेक कुटुंबांवर तो गुदरला आहे. आणि आपल्याकडील मुद्रण करणाऱ्या सेट-टॉप बॉक्सांतही, जुना बॉक्स बदलून नवा बसविला की जुन्याने टिपलेले सारे नव्याला परके होते.

असे का घडते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण या प्रश्नातील तत्त्वज्ञान त्याच्या यंत्ररचनेतच दडलेले आहे. प्रक्षेपणाबरोबर चित्र आणि ध्वनी यांच्याखेरीज एक खूण येते. ती सांगते की या कार्यक्रमाची नक्कल मुक्तपणे करावी, एकदाच करावी, की मुळीच करू नये. निर्बंधाची खूण आढळली म्हणजे संगणक मुद्रण करतो खरा, पण ते उघडे न ठेवता गूढाक्षरांत बदलून ठेवतो, आणि ती अक्षरे उलगडणारी किल्ली दुसऱ्या एका किल्लीत बंद करतो. ही दुसरी किल्ली त्या विशिष्ट संगणकाच्या अवयवांच्या खुणा आणि त्या विशिष्ट वेळी बसविलेली व्यवस्था यांच्या संयोगातून निर्माण होते. व्यवस्था पुसली की ती किल्ली नष्ट होते. नवी व्यवस्था बसली की नवी किल्ली घडते, आणि ती जुन्या किल्लीची कोणीच लागत नाही. म्हणजे धन शाबूत आहे, धनी शाबूत आहे, घर तेच आहे, यंत्राचे लोखंडही तेच आहे. तुटला आहे तो केवळ एक अदृश्य संबंध, आणि तो तुटल्यामुळे बाकीच्या साऱ्या शाबूत गोष्टी निरर्थक ठरल्या आहेत.

पूर्वपक्षाला त्याचे देणे दिल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ज्याने कीर्तन केले, ज्यांनी ते चित्रित केले, ज्यांनी त्यावर द्रव्य खर्च केले, त्यांचा त्यावर हक्क आहे, आणि एकाच्या घरातील मुद्रण हजारांच्या हाती विक्रीला गेले तर त्यांच्या श्रमांचे मोल बुडते, ही भीती खोटी नाही. आपला प्रतिलिपी अधिकाराचा कायदा 1957 चा. त्यात 2012 साली जे कलम 65अ घातले गेले, त्याने असे तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला. परंतु त्याच कायद्याचे कलम 52 खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापरास हक्कभंग मानीत नाही. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1984 साली, पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने का होईना, असा निवाडा दिला की घरच्या माणसाने कार्यक्रम टिपून सवडीने पाहणे यात अन्याय नाही. कायद्याची दृष्टी अशी हेतूवर आहे, आणि म्हणूनच ती मनुष्याची दृष्टी आहे. कुलपाला हेतू दिसत नाही. चोर आणि धनी यांच्यात भेद करण्याचे त्याच्यापाशी एकच साधन आहे, ते म्हणजे किल्ली जुळते की नाही. आणि ज्या दिवशी धन्याचीच किल्ली जुळेनाशी होते, त्या दिवशी धनी त्याच्या लेखी चोर होतो. हे कुलूप अति कडक आहे अशी माझी तक्रार नाही. कडकपणा क्षम्य आहे. परंतु 'तोच हा' हे कशावरून ठरवावे, या फार जुन्या प्रश्नाचे या कुलपाने दिलेले उत्तर चुकीचे आहे.

हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चर्चिला आहे. बौद्धांच्या क्षणिकवादानुसार जे जे आहे ते ते क्षणोक्षणी नष्ट होते आणि तत्सदृश दुसरे त्याच्या जागी उत्पन्न होते. स्थिर असा कोणी 'मी' नाही. यावर वैदिक दर्शनांनी घेतलेला प्रधान आक्षेप स्मृतीचा आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात शंकराचार्य विचारतात, की पाहणारा एक आणि आठवणारा दुसरा असे असते, तर 'मीच ते पाहिले होते' हा प्रत्यय कोणालाही आला नसता. पाहिले एकाने आणि आठवले दुसऱ्याने, असा अनुभव जगात कोणाचाच नाही. दुसरा आक्षेप कर्माचा. कर्ता क्षणात नष्ट झाला, तर केलेल्याचे फळ त्याला मिळणार नाही, हा कृतनाश. आणि ज्याने केले नाही त्याला ते भोगावे लागेल, हा अकृताभ्यागम. उदयनाचार्यांनी तर 'आत्मतत्त्वविवेक' हा सबंध ग्रंथ बौद्ध पक्षाच्या खंडनास वाहिला.

पण बौद्धांचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे, आणि आपल्या विषयात तेच मला अधिक मोलाचे वाटते. आत्मा नाकारूनही त्यांनी जबाबदारी आणि फळ नाकारले नाही. त्यांनी संतान मानले, म्हणजे अखंड वाहणारा क्षणांचा प्रवाह. आणि ज्या प्रवाहात कर्माचा संस्कार पडला त्याच प्रवाहात त्याचे फळ उमटते असे सांगितले. लाखेच्या रसाने भावना दिलेल्या सरकीतून पुढे लाल कापूस उपजतो, हा त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत. सरकी राहिली नाही, रोप बदलले, तरी रंग वाटेत हरवला नाही. अनात्मवादी म्हणून ज्यांना आपल्या परंपरेने दूषण दिले, त्यांनासुद्धा कृतनाश हा दोषच वाटत होता, आणि तो टाळण्यासाठी त्यांनी एवढा बुद्धीचा श्रम घेतला. या कुलपाची घडण करणाऱ्यांनी मात्र आत्माही मानला नाही आणि संतानही मानले नाही. जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत कोणताही संस्कार जाऊ नये, अशीच त्यांनी रचना केली; पहाटे उठून मुद्रण करणाऱ्याचे श्रम आणि त्याने मासिक वर्गणीरूपाने भरलेले द्रव्य, दोन्ही त्या एका घडीत फळावाचून संपले. कृतनाशाला दोष न मानता धोरण मानणारे दर्शन भारतवर्षात तरी, माझ्या वाचनात, चार्वाकांखेरीज दुसरे आलेले नाही. आणि चार्वाकानेही मेलेल्याचे फळ नाकारले, जिवंत माणसाने जिवंतपणी मिळविलेल्याचे नव्हे.

हा प्रश्न गुंजवण्याच्या भूमीवर उभे राहून विचारण्यास एक विशेष कारण आहे. ज्या डोंगराच्या सावलीत हे गाव वसले आहे, त्याने आपले नाव आणि धनी वारंवार बदललेले पाहिले. मूळचा तो मुरुंबदेव. शिवाजीमहाराजांनी त्यावर तटबंदी चढवून राजगड केला आणि रायगडापूर्वीची राजधानी तिथे नांदविली. 1704 साली औरंगजेबाने तो जिंकून त्याचे नबीशाहगड केले. 1707 मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला, आणि पुढे पंतसचिवांच्या भोर संस्थानात राहून 1948 च्या विलीनीकरणात मुंबई इलाख्यात गेला. अगदी अलीकडे, 2024 च्या मार्चमध्ये, राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यासच राजगड हे नाव देण्यास मंजुरी दिली. इतक्या वेळा वरची व्यवस्था पुसली गेली आणि नव्याने बसविली गेली. तरी पद्मावती माची, सुवेळा आणि संजीवनी आपल्या ठिकाणी राहिल्या, आणि खालच्या खोऱ्यांतील माणसांनी आपापली शेते ओळखली.

ती ओळख आपोआप टिकली असे मात्र नाही, आणि इथेच मावळच्या इतिहासात शिकण्याजोगे फार आहे. अंमल बदलला की वतनदारापुढे तोच प्रसंग उभा राही, जो आज त्या संगणकापुढे बसलेल्या गृहस्थांपुढे आहे. निजामशाही गेली, आदिलशाही आली, छत्रपती बदलले, मोगलांचे ठाणे बसले, प्रत्येक वेळी जुनी सनद नव्या हुजुरात रुजू करून तीवर नवा शिक्का घ्यावा लागे, आणि तो मिळविताना नजराणा, हेलपाटे आणि काळजी यांना पारावार नसे. तथापि नव्या अंमलाने जुन्या अंमलाची सनद वाचताच येत नाही असे कधी म्हटले नाही. तो ती तपासी, कधी नाकारी, बहुधा मान्य करी. परंतु तपासण्याचे द्वार उघडे असे.

आणि सनदच जळाली, लुटीत गेली, वाळवीने खाल्ली, तर? त्यावरही तोड होती. गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, गावोगावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार असे सारे पांढरीचे लोक जमत. वादी आपली हकीकत सांगे, प्रतिवादी आपली. वृद्ध मंडळी शपथपूर्वक साक्ष देत की अमुक शेत अमक्याच्या बापजाद्यांनी वाहिले हे आम्ही पाहिले आहे. आणि निवाड्याचा महजर होऊन त्यावर सारे आपापली निशाणी करीत, पाटील नांगराची, न्हावी आरशाची, असे ज्याचे त्याचे जीवितच जणू साक्षीला उभे राही. या रचनेत दोष नव्हते असे कोण म्हणेल? साक्षी फितत, बलवान दुर्बळास दाबीत, आणि वाद विकोपास गेला तर उकळत्या तेलातुपात हात घालण्याच्या दिव्यापर्यंत पाळी येई, ज्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. पण तिच्या बुडाशी असलेले तत्त्व खरे होते. कागद हे हक्काचे चिन्ह आहे, हक्क नव्हे. हक्क वहिवाटीत आणि ती पाहणाऱ्यांच्या स्मृतीत वसतो. म्हणून चिन्ह हरवले तर हक्क स्मृतीकडून पुन्हा वदवून घेता येतो.

याच्या उलट दृष्टांत इंग्रजी अमलातला आहे. 1852 च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने, संस्थानी हद्दीबाहेरच्या मुलखात, इनामदारांकडून दस्तऐवज मागविले आणि ज्यांना ते दाखविता आले नाहीत त्यांची इनामे खालसा केली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, शेजारी साक्ष देण्यास तयार होते. पण कमिशनच्या कोष्टकात साक्षीला कागदाची किंमत नव्हती. त्या काळच्या दख्खनेत जो असंतोष साचला त्याची कारणे अनेक असतील. परंतु आपण जे आहोत ते नव्या दप्तराला दिसतच नाही, ही वेदना त्यांत खोल होती असे मला वाटते. संगणकाचे कुलूप इनाम कमिशनच्याही एक पायरी पुढे गेले आहे, कारण कमिशनपुढे निदान अर्ज करता येत असे.

कोणी म्हणेल, की कुलूप घालणे हेच मुळात अधार्मिक आहे, ज्ञान आणि भक्ती ही मोकळीच असावीत. तसे मी मानीत नाही, आणि न मानण्याचे कारण महाराष्ट्राच्याच धर्मेतिहासात आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतील सर्वांत प्रचलित सकळ लिपी, जिचे कर्तृत्व परंपरा चौदाव्या शतकातील रवळोव्यासांकडे देते. बाहेरच्याने पोथी हाती घेतली तरी त्याला अक्षरे लागू नयेत, अशी ती योजना होती. पवित्र वचनांची विटंबना होऊ नये ही तिच्यामागील श्रद्धा असो, वा राजकीय आपत्तीत आत्मरक्षण असो. कुलूप ते होतेच, आणि ते इतके पक्के ठरले की चक्रधरांच्या लीळांचे मराठीतील ते आद्य गद्य पंथाबाहेरील मराठी वाचकांना शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांचा उलगडा झाला आणि मग मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला.

परंतु त्या कुलपाची किल्ली कुठे होती? ती महंतांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या मुखी होती. गुरूने ती अधिकारी शिष्याला द्यावी, शिष्याने पुढच्याला. मठ जळाला, पोथी गेली, प्रांत सोडावा लागला, तरी किल्ली माणसाबरोबर चालत असे. आणि पोथीच गेली तर काय, याचेही उत्तर त्याच पंथापाशी आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली लीळा जमविल्या. मूळ प्रत पुढे धाडीत नष्ट झाली असे पंथाची परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना त्या मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून लीळाचरित्राची पुन्हा जुळणी करण्यात आली, आणि त्यांतील हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातून उतरलेला पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. वस्तू गेली होती, आणि ओळखणारी राहिली होती. तेवढ्यावर ग्रंथ परत आला. आमच्या कल्पित गृहस्थांची अवस्था नेमकी उलटी आहे. वस्तू समोर आहे, ओळखणारा समोर आहे, आणि मध्ये बसलेल्या निर्जीव पदार्थाला ओळखता येत नाही म्हणून दोघांची भेट होत नाही.

काश्मीरच्या उत्पलदेवांनी दहाव्या शतकात 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका' रचली, तिच्या शेवटास एका विरहिणीचा दाखला आहे. ज्याच्या प्राप्तीसाठी ती झुरते तो प्रियकर तिच्या समोर येऊन उभा आहे, पण तिला तो सामान्य पुरुषासारखाच वाटतो, म्हणून त्याच्या सान्निध्याचे सुख तिला नाही. कोणी खूण पटवून देताच तीच भेट आनंदरूप होते. या दर्शनाचे सांगणे असे, की मुक्ती म्हणजे नवीन काही मिळणे नव्हे, जे आहेच ते ओळखणे होय. ही ओळख चैतन्याचा व्यापार आहे. तिला पूर्वीचे आणि आताचे एकत्र धरावे लागते, मधला बदल पाहूनही बदलातून जाणारे एकपण पाहावे लागते. देवदत्ताला बालपणी पाहिलेला मनुष्य वृद्ध देवदत्ताला पाहून 'तोच हा' म्हणतो, तेव्हा केस, दात, वेष आणि गाव यांपैकी काहीच जुळत नसते. यंत्र करते ती केवळ जुळणी: दोन संख्या समान आहेत की नाहीत, इतकेच. जुळणीला बदल सोसत नाही, आणि ओळखीची तर बदलावाचून परीक्षाच होत नाही. तेव्हा आपण ओळखीचे काम जुळणीकडे सोपविले, हा यंत्राचा अपराध नाही. ते सोपविताना वर दाद मागण्याची जागा ठेवली नाही, हा माणसांचा आहे.

आणि त्याची झळ एका घरापुरती नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरून त्याचे सहक्षेपण होऊ लागले. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून स्वच्छ हवेत सिंहगडाचा तो मनोरा आजही डोळ्यांना दिसतो. त्या काळी मुद्रणाच्या फिती महाग असत, म्हणून जुने पुसून त्यांवर नवे घेण्याची चाल जगभर होती, आणि आपले दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने आपल्या कित्येक मालिका अशाच पुसल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेचे जे भाग चित्ररूपाने हरवले, त्या सर्वांचे ध्वनी तरी आज ऐकू येतात, कारण त्या त्या दिवशी सामान्य प्रेक्षकांनी आपल्या घरी टेपरेकॉर्डर लावून ते टिपले होते. मालकाने जे नष्ट केले ते परक्याने हौसेने राखले, आणि पुढे मालकालाच परत दिले. त्या घरगुती फितींना असे कुलूप असते, तर यंत्र मोडताच त्या मुक्या झाल्या असत्या. ज्याने केवळ प्रेमापोटी जपले त्याचे जपणे हे चौर्य नसून एका अर्थी ऋषिऋण फेडणेच आहे. आणि ज्या रचनेत ते फेडता येत नाही, ती रचना धनाचे रक्षण करीत असली तरी धर्माचे करीत नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. 1954 च्या ग्रंथ-वितरण कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर आपल्या ग्रंथाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारख्या नेमलेल्या ग्रंथालयांस देण्याचे बंधन घातले; पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ज्या कंपन्या असे कुलूप घालतात त्यांनी किल्लीची एक नक्कल अशाच एखाद्या सार्वजनिक दप्तरात अनामत ठेवावी. आणि वर्गणीच्या पावत्या, शेजाऱ्यांची साक्ष, घरच्यांचे प्रतिज्ञापत्र यांच्या आधारे कोणी 'हे मी टिपले आहे' असे सिद्ध केले, तर त्याला ती तिथून मिळावी, कंपनी बुडालेली असो वा तिने ती व्यवस्था बंद केलेली असो. निर्णय तिथे माणसाने द्यावा, आणि तो नकाराचा असेल तर कारण लिहून द्यावे. गुंजवण्याच्या या मावळातल्या रयतेला तीनशे वर्षांपूर्वी जितकी दाद मिळत होती, तितकी तरी तिच्या वंशजांना आज मागता आली पाहिजे.